सहा फूट की आठ

भरमाण्णा म्हणाला, सहा फुटी घे.
दोघांत उचलू, जिन्यातनं नेऊ,
शालनला कळायच्या आत बोल्ट आवळून मोकळे.
खरं सहा फुटाला लांबचं काही धरत नाही,
चौकटी चौकटी होऊन चित्र फुटतं,
आणि जवळचं बघायला मोटर कशाला?

कंग्राळीत एका बंद पडलेल्या केबलवाल्याच्या गच्चीवर
आठ फुटी होती. जाळीची.
कावळ्यानं आत घरटं केलेलं, तारेचंच,
आमच्यासारखंच भंगार वेचून.

पत्र्याची मिळाली असती तर?
तिच्यात बारकी लाट पण सापडते, कबूल.
खरं आमच्या बाजूला डिश जवळजवळ उताणीच निजते,
बघायचं ते सगळं डोक्यावर,
आणि जूनपासून तिचं घंगाळ होणार.
जाळीतनं पाऊस जातो, वारा जातो.
साडेसात सेंटिमीटरची लाट मात्र
ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकातनं जात नाही.
हे पटायला मला दोन दिवस लागले,
आणि मी बावीस वर्षं लेथवर मापंच घेतोय.

मग मोटर.
अठरा इंची जॅक स्वस्त,
खरं आठ फूट ढकलताना कण्हतो, मध्येच बसतो.
चोवीस इंची घेतला, छत्तीस व्होल्टचा, जुनाच,
आत ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेगत झालेलं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीत फिरणारी
दुसरी एक मोटर असते.
तिच्या किमतीत फ्रीज येतो
आणि शालनला ती किंमत पाठ आहे.

उद्यमबागेत जेवणाच्या सुट्टीत
खांबाच्या सांध्याचा बुश स्वतः टर्न केला.
अर्धा मिलीमीटर ढिला राहिला इथं
तर तिकडं अख्खा उपग्रह हुकतो.

दक्षिण शोधायला होकायंत्र नको.
गच्चीवरच्या सळईजवळ ते बावचळतं.
नाताळच्या सुट्टीत ओळंबा टांगला.
बारा वाजले, सावली वाकडीच.
साडेबारा, अजून जरा.
साडेबाराच्या पुढं दोन मिनिटांनी
ती सरळ झाली. खडूनं रेघ मारली.
घड्याळ कुठल्या लांबच्या गावचं असतं,
सावली मात्र अनगोळची.

शेवटी दोन लिमिट लावायचे,
एक पूर्वेला, एक पश्चिमेला,
नाहीतर जॅक आपल्याच खांबावर डोकं आपटतो.
"हद्द नीट ठरव बाबा," भरमाण्णा म्हणाला.
हसलो दोघं.
मग जरा वेळ पान्याचाच आवाज.

रात्री जुना टीव्ही गच्चीवर नेला.
मोटर घरघरली, आकडा सरकू लागला,
एकशे तीस, एकशे चाळीस,
आणि एकशे बेचाळीसवर एक खुर्ची.
रिकामी. मागं निळा पडदा, वर दिवा.
कुठल्या देशातली, ते लिहिलेलं नाही.
आवाज नाही.
कुणीतरी मुलाखतीला येणार असावं, अजून आलेलं नाही.

खालच्या नीलव्वा राहिलेल्या मिरच्या गोळा करायला आल्या,
पदरात मिरच्या घेऊन उभ्याच राहिल्या.
"यारू इल्लऽ?"
कुणी नाही, मी म्हणालो.
"यारो बरतार," म्हणाल्या, आणि टाकीच्या कठड्यावर टेकल्या.

वीस मिनिटं आम्ही तिघं खुर्ची बघत होतो.
इथं कुठलंही चॅनल लावलं की पहिल्यांदा
भाषा कुठली, हे विचारतात.
कुणी विचारलं नाही.

सव्वादहाला एक माणूस आला.
बसला नाही.
खुर्ची उचलून घेऊन गेला.

नीलव्वा हसत जिना उतरल्या, शिंकत.
भरमाण्णानं टॉर्च धरला,
मी वहीत लिहिलं: १४२, खुर्ची.

सकाळी बघतो तर जॅकच्या दांड्यावर
दोन टॉवेल वाळत होते.